मॅडमची पट्टी आणि माझा पापड

जखमेवर लावायची, अंगातच विरघळून जाणारी पट्टी जालना जिल्ह्यात पहिल्यांदा कोणी बनवली? मी! आता बराबर सांगायचं तर पातेलं मी ढवळलं, अक्कल मॅडमची होती. आणि ढवळलं तरी कसं, निम्म्या वेळा खाली लागलं. सातवी नापास माणूस कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये शिपाई म्हणून उभा केल्यावर दुसरं काय होणार? पण खळ तळाला लागते तसे किस्सेही लागतात. जरा खरवडलं की निघतात.

मॅडम भोकरदनच्या. नोकरी करता करता पीएचडी करून राह्यल्या होत्या. मक्याचं स्टार्च, त्यात पाण्यात विरघळणारं एक प्लॅस्टिक, थोडं ग्लिसरीन, हे सगळं शिजवून काचेवर पातळ ओतायचं. वाळलं की पारदर्शक पट्टी तयार. जखम भरेपर्यंत तिनं टिकायचं, मंग गुमान नाहीसं व्हायचं. पण आमची पट्टी जखमेची वाटच बघायची न्हाई. ओली झाली की तुटली! विद्यापीठातले गाइड सर सांगून गेल्ते, पुढच्या भेटीत तुटली तर विषय बदला. म्हणजे मॅडमची सगळी वर्षं पातेल्यात.

•

एकदा पातेलं रटरटत होतं आणि प्रिन्सिपॉल साहेब नाक वर करत आत आले. काय शिजून राह्यलंय, विचारलं. त्या दिवशी होती एकादशी. मी म्हणलं, "साहेब, साबुदाण्याची लापशी."

साहेब स्टूल ओढून बसले. मॅडम पीरियड संपवून आल्या तेव्हा ते चमचा शोधत होते.

•

पट्ट्या गच्चीवर वाळायच्या. शेजारीच वॉचमनची बायको गयाबाई कुरडया घालायची. तिनं पट्टी उजेडात धरून पाह्यली आणि गावभर केलं, कॉलेजातल्या बाई लई पातळ पापड करतात.

झालं. वाटूरहून एक पाहुणे थेट लॅबमध्ये हजर. घरी पोरीचं लग्न, पापड पाहिजेत. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि शांतपणे समजावलं, की हे खायचं न्हाई, ऑपरेशन झालेल्या माणसाच्या जखमेवर लावायचं आहे.

पाहुण्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "चालंल. पण मीठ थोडं जास्त टाका."

•

आता माझा कारनामा. मॅडम पट्टीचा तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवून घरी जायच्या. सकाळी त्याच्या चिंध्या व्हायच्या आणि मॅडमचं तोंड एवढंसं. मला बघवेना. एका संध्याकाळी मी पट्टी काढून तिथं कॅरीबॅगचा तुकडा टाकला.

सकाळी तुकडा अखंड! मॅडमनी मला पेढे आणायला पळवलं. वाटून झाल्यावर त्यांनी तो तुकडा खिडकीशी नेला. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, 'साडी सेंटर'.

 मॅडमनी माझ्या हातातला अर्धा पेढा काढून घेतला.

•

तेव्हापासून त्यांची नजर माझ्यावर. ग्लिसरीन कमी कर, जास्त कर, असं करत एक पट्टी त्यांना पसंत पडली आणि गाइड सरांच्या भेटीचा दिवस आला.

सकाळी मी लवकर गेल्तो. डिशमधली पट्टी उचलून कपाटात ठेवली आणि तिच्या जागी आमच्या घरचा साबुदाण्याचा न तळलेला पापड ठेवला. दिसायला बिलकुल तसाच. बेत साधा होता. सरांसमोर तो खाऊन टाकायचा, त्यांची बोबडी वळवायची, मंग खरी पट्टी काढून द्यायची.

सर आले. चष्मा पुसत म्हणाले, "पट्टी सुंदर दिसते. पण ओली झाल्यावर टिकते का, ते सांगा."

मॅडम काही बोलायच्या आत मी डिशमधला तुकडा उचलून तोंडात टाकला. सर खुर्चीतून उठलेच. "अरे, काय करतोस तू!"

मी मजेत चावलं. कुडकुड काही वाजेना. परत चावलं. इकडच्या दाढेखाली घेतलं, तिकडच्या दाढेखाली घेतलं. रबरासारखं नुसतं ताणून राह्यलं. मी कपाटाकडे पाह्यलं. दार उघडं होतं आणि आत आमच्या घरचा पापड होता.

मॅडमनी सरांना खुर्ची दिली, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मामा, आता आ करा. तुटली का ते सरांना बघू द्या."