हॉट प्रेसमधली रायफल

माझ्या नवऱ्याने त्रेचाळिसाव्या वर्षी रायफल घेतली. त्याआधी शस्त्र म्हणून त्याने जे काही हातात धरलं होतं, ते दसऱ्याला लॅपटॉपशेजारी पूजेत ठेवलेला स्क्रूड्रायव्हर.

तो अकोल्याचा, मी पुण्याची. आयर्लंडमधल्या नावन या गावाच्या कडेला एका नव्या वसाहतीत आम्ही राहतो. मी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे दिवसभर माणसांना झोपवते. तो डब्लिनमधल्या एका कंपनीत चौदा इंजिनिअरांवर साहेब आहे, म्हणजे तोही साधारण तेच करतो. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एका सत्तरीच्या शेतकऱ्याची मेंढरं चरतात. एका शनिवारी हा शेतकरी त्याला आपल्या नेमबाजी क्लबात घेऊन गेला, पाहुणा म्हणून. नवरा परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही.

मग अर्ज, प्रशिक्षण, ओळखीच्या दोन माणसांची नावं, पोलिसांची भेट. परवाना यायला अर्धं वर्ष गेलं. तोवर त्याने रायफल पाहून ठेवली होती. शेतकऱ्याच्या एका चुलतभावाने शेती सोडली होती, त्याची ती. लहान गोळीची, सशांवर चालवायची, शेतावरची रायफल. एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते, चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. लाकडी दस्ता, त्यावर तारांचे ओरखडे. आयुष्यभर ती ट्रॅक्टरमधून फिरली होती.

"नेम कसा आहे हिचा?" नवऱ्याने विचारलं.

"ग्रँड आहे," शेतकरी म्हणाला. "ससा जरा सहकार्य करणारा असला तर."

कोणत्याही शहाण्या माणसाने यातून बोध घेतला असता. माझ्या नवऱ्याने आव्हान घेतलं.

आता प्रश्न आला ती ठेवायची कुठे. भिंतीला बोल्टने जखडलेली लोखंडी तिजोरी हवी होती. तो म्हणाला, बेडरूममध्ये. मी म्हणाले, माझ्या उशाशी बंदूक नको. तो म्हणाला, जिन्याखाली. मी म्हणाले, तिथे गणपतीचं मखर आहे, आणि आल्यागेल्याला दिसेल. शेवटी मीच जागा काढून दिली. वरच्या मजल्यावरचं हॉट प्रेस. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. टॉवेल, चादरी, मोजे तिथे ऊब खात पडलेले असतात. टाकीशेजारी तिजोरी बरोब्बर बसली. पाहणीला आलेल्या पोलिसाने बोल्ट हलवून पाहिले आणि म्हणाला, "घरात सगळ्यात उबदार हीच असणार."

त्यानंतर आमच्या घरात 'ग्रुप' या शब्दाचा अर्थ बदलला. पूर्वी ग्रुप म्हणजे महाराष्ट्र मंडळाचा व्हॉट्सॲप. आता ग्रुप म्हणजे कागदावर पाडलेली पाच भोकं. ती जितकी जवळजवळ, तितकी रायफल अचूक. दर शनिवारी तो कागद घेऊन घरी यायचा आणि जेवणाच्या टेबलावर पसरायचा. पन्नास मीटरवरून मारलेली पाच भोकं एका पुरणपोळीत आरामात मावायची.

"रायफलचा दोष आहे," तो म्हणायचा.

आणि मग तिची दुरुस्ती. आधी दुर्बीण बदलली. मग दुर्बिणीच्या पकडी बदलल्या. मग एक नाजूक पाना आला, स्क्रू किती घट्ट आवळला हे सांगणारा. चाप जड आहे असं ठरलं, म्हणून ॲथलोनजवळच्या एका बंदुकीच्या कारागिराकडे रायफल गेली आणि तीन आठवड्यांनी चाप हलका होऊन आली. मग नऊ प्रकारच्या गोळ्या. कोणती गोळी या नळीला मानवते याची त्याने तक्ता करून परीक्षा घेतली. ऑफिसात ज्या माणसाला तक्ते भरायचे म्हणजे अंगावर काटा येतो, तो रविवारी सकाळी चहा गार करून रकाने रंगवत बसायचा. आमची लेक बारा वर्षांची. तिने एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाली, "डॅड, इट्स अ हॉबी, नॉट अ लीव्हिंग सर्ट." लीव्हिंग सर्ट म्हणजे इथली बारावी.

इतकं करून निकाल विचित्र. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या डावीकडे, खाली. तासाभराने त्याच हाताने, त्याच गोळीने, सगळं उजवीकडे सरकायचं. तो दुर्बीण जुळवायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून.

शेतकरी म्हणाला, "रायफल ठीक आहे रे. तू चहा कमी पी."

मलाही तेच वाटत होतं, आणि मला ते सांगण्याचा परवाना कोणाकडून काढावा लागत नाही. एका शनिवारी मी सोबत गेले. तो पोटावर आडवा झाला, श्वास धरला, आणि मी बाजूला बसून त्याच्या मनगटाची नाडी धरली.

"एकशे आठ," मी जाहीर केलं. "या नाडीवर मी पेशंटला टेबलावरसुद्धा घेत नाही."

क्लबातली चार म्हातारी माणसं खो खो हसली. तोही हसला. मला मजा आली, हे कबूल करते.

पुढच्या आठवड्यात डब्लिनजवळ ओंगारला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं, पुरुषांसकट. तिथे मी हा किस्सा सांगितला, नाडीचा आकडा एकशे तीसवर नेऊन. त्याचं पालथं पडणं, डोळा बारीक करणं, सगळं करून दाखवलं. एक म्हणाला, "अरे, तुला जत्रेतले फुगेच बरे." दुसऱ्याने त्याला 'निशाणेबाज' नाव ठेवलं. नवरा पोह्यांच्या बशीत लिंबू पिळत होता. फोड केव्हाच कोरडी पडली होती, तरी पिळत होता. मी ते पाहिलं, आणि तरी किस्सा शेवटपर्यंत सांगितला. श्रोते चांगले होते.

गाडीत तो एवढंच म्हणाला, "माझा हात खराब असेल तर तासाभराने सुधारतो कसा? आणि दर वेळी एकाच बाजूला कसा चुकतो?"

प्रश्न रास्त होता. माझ्यासमोर एखाद्या पेशंटने असा प्रश्न विचारला असता तर मी फाइल उघडली असती. नवऱ्याला मी म्हणाले, "डोळे तपासून घे."

एप्रिलमध्ये सासूबाई आल्या. आमच्याकडे त्यांना दोन गोष्टी पटल्या नाहीत. एक म्हणजे ऊन. दुसरी म्हणजे मुलाची रायफल. शेतकऱ्याने एकदा कुंपणावरून सहज विचारलं होतं की चाऱ्याच्या गठ्ठ्यांवरचं प्लॅस्टिक कावळे फाडतात, तर तुमचा मुलगा चार कावळे मारेल का. सासूबाईंना मी भाषांतर करून सांगितलं ही माझी चूक.

"कावळे?" त्या ओरडल्या. "पितर हायेत ते! उद्या बापाले जेवू घालाचं त तो येईन कोठून?"

नवऱ्याने शपथ घेतली की तो फक्त कागद मारतो. तोही लागत नाही, असं मी मध्येच घातलं.

उन्हाचा प्रश्न त्यांनी आपला आपण सोडवला. हॉट प्रेस त्यांना सापडलं. दोन दिवसांत टॉवेल खाली गेले आणि फळ्यांवर सांडगे, कुरडया आणि ओल्या मिरच्या आल्या. पोळ्या लाटून झाल्या की पोळपाट धुऊन सासूबाई तोही तिथेच वाळत ठेवायच्या. अकोल्याहून त्यांनी स्वतः आणलेला, सागवानी, वीस वर्षं वापरातला पोळपाट.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "इकडे ये वो बाई! पाह्य त काय झालं!"

मी गेले. त्यांनी पोळपाट ओट्यावर ठेवून एका कडेला बोट दाबलं. तो डुगडुगला. मधून फुगला होता, कडा खाली गेल्या होत्या. त्यावर अर्धी लाटलेली पोळी एका बाजूला कागदासारखी पातळ आणि दुसऱ्या बाजूला भाकरीइतकी जाड होती.

"वीस वर्षांत नाई झालं असं," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या कपाटानं याले वाकडं केलं. लाकूड हाये ते. त्याले एवढी गरमी दिली त ते वाकनारच."

नवरा दारात चहाचा मग घेऊन उभा होता. त्याने मग खाली ठेवला आणि जिना चढून गेला.

मला कळायला अजून अर्धं मिनिट लागलं. मग मीही वर गेले. त्याने तिजोरी उघडून रायफल बाहेर काढली होती, रिकामी असल्याची खात्री केली होती, आणि नळी व लाकडी दस्ता यांच्यामधल्या फटीत कागदाची पट्टी सरकवत होता. ही पट्टी मोकळी फिरायला हवी, नळीला लाकडाचा स्पर्श होता कामा नये, असं त्याने मला समजावलं. पट्टी डावीकडे सहज गेली. उजवीकडे अडली. लाकूड नळीला रेटत होतं. मग त्याने रायफल समोर धरून ठेवली आणि आम्ही दोघं कपाटाच्या दारात, मिरच्यांच्या वासात, फरशीवर बसून राहिलो. तासाभराने पट्टी उजवीकडेही गेली, जरा घासत, पण गेली. क्लबात दर शनिवारी नेमकं हेच होत होतं.

तो माझ्याकडे पाहत होता. बेडरूम म्हणालो होतो, जिन्याखाली म्हणालो होतो, असं तो म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर सोपं गेलं असतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"जागेचं?"

"जागेचंही."

त्याने पट्टीची घडी घातली. "एकशे आठ होती ना नाडी? ओंगारला तू एकशे तीस सांगितलीस."

त्याने आकडा लक्षात ठेवला होता. अर्थातच ठेवला होता.

मखर पोटमाळ्यावर गेलं आणि तिजोरी जिन्याखाली आली. कारागिराने दस्त्यातली खोबण आतून थोडी तासून दिली. सासूबाईंनी पोळपाट दोन दिवस वजनाखाली ठेवून पाहिला, मग नाद सोडला आणि इथला संगमरवरी पोळपाट वाईट नाही असं जाहीर केलं. आणि रायफल? वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली की पाच भोकं एका सुपारीखाली झाकली जायला लागली. कागद पुन्हा टेबलावर यायला लागले. आता मी ते बघायचे, खरंच.

मग जूनमध्ये क्लबाची वार्षिक स्पर्धा आली. तिथे वाळूची पिशवी नव्हती. कोपरावर टेकून मारायचं, नंतर गुडघ्यावर बसून, शेवटी उभं राहून. मी कुंपणाशी उभी होते. कोपरावर तो बरा होता. गुडघ्यावर त्याचा पाय थरथरायला लागला. उभं राहिल्यावर नळीचं टोक हवेत लहान लहान वर्तुळं काढत होतं, दिव्याने ओवाळल्यासारखं. शेतकऱ्याची रायफल तीस वर्षांची, दस्त्याला काळी चिकटपट्टी. तो दुसरा आला, आणि एकदाही आपल्या कागदाकडे न बघता सँडविच खायला गेला. माझा नवरा सोळातला अकरावा आला.

त्याने आपला कागद उतरवला आणि बराच वेळ बघत राहिला. आता चाप हलका होता, गोळी मानवलेली होती, लाकूड नळीपासून दूर होतं. रायफलने त्याच्यासाठी एकही बहाणा शिल्लक ठेवला नव्हता. इतकं एकटं मी त्याला क्वचितच पाहिलं होतं.

परतताना गाडी मी चालवत होते. माझ्याकडे निदान चार वाक्यं तयार होती, त्यातली दोन तर फारच चांगली. ती मी गिळली.

"वारा होता," तो शेवटी म्हणाला.

त्या दुपारी गवताचं एक पातंही हललेलं नव्हतं.

"होता," मी म्हणाले, आणि गिअर बदलला.