एक बोट तारेला, दोन बोटं व्होल्टला

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणायचे, आणि ते नाव मीच ठेवलं होतं. तारेच्या वेल्डिंग मशीनला दोन बटणं असतात. एकानं व्होल्ट कमीजास्त होतात, दुसऱ्यानं तार किती वेगानं बाहेर यायची ते ठरतं. दोन्हींचं जमलं की तारेच्या टोकाशी पेटणारा आर्क कढईतल्या तळणासारखा एकसारखा तडतडतो. आम्ही बाकीचे भिंतीवरचा तक्ता बघून आकडे लावायचो. कानसेन तक्त्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. भंगाराच्या पट्टीवर आर्क पेटवायचा, मान तिरकी करायचा, बटण केसभर फिरवायचा. झालं काम! सुपरवायझर म्हणायचा, "आले गवई, सूर लावतायत." आणि अवघड काम मात्र त्यालाच द्यायचा.

शेजारी वीस वर्षं ग्राइंडर किंचाळत राहिल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं. मला ते त्याच्या बायकोनं सांगितलं.

"भावजी, घरी टीव्ही एवढा मोठा लावतात की खालचे लोक भांडायला येतात. मशीनवरून काढलं तर हा माणूस खचेल हो. तेवढं सांभाळून घ्या."

मी शब्द दिला. मी फिटर, पत्रे जुळवून देणारा, त्यामुळे दिवसभर त्याच्याच जवळ. आमचं दोघांचं ठरलं. त्यानं पट्टीवर आर्क पेटवायचा, मी ऐकायचं. मग त्यानं मास्क वर करून माझ्या हाताकडे बघायचं. एक बोट म्हणजे तार, दोन बोटं म्हणजे व्होल्ट. बोटं वर केली तर वाढव, खाली केली तर कमी कर, मूठ मिटली की जमलं. दोन वर्षं तो माझ्या कानांनी ऐकत होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

मग एकदा चहाच्या सुट्टीत सुपरवायझर मला म्हणाला, "तूही बस की मशीनवर. किती दिवस नुसते पत्रे जुळवणार?"

सुपरवायझर माझ्याकडे बोट दाखवून बोलत होता. एवढ्यावरून कानसेननं काय ते ओळखलं आणि हसत म्हणाला, "हा? याच्या वेल्डिंगपेक्षा कबुतराची शीट सरळ पडते!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. आतून मात्र मी पेटलो होतो. ज्याला मी माझे कान दिले, त्यानं चारचौघांत माझं नाक कापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टाकीच्या कामाचा नमुना तपासायला गिऱ्हाईकाचा माणूस आला. तारेचं रीळ नवीन होतं, नेहमीपेक्षा जाड तारेचं. म्हणजे जुने आकडे सगळे बाद. कानसेननं पट्टीवर आर्क पेटवला. आवाज जड येत होता, तुटक तुटक. व्होल्ट कमी पडत होते. मला स्वच्छ कळत होतं.

त्यानं मास्क वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात खिशात घातले.

तो थांबला. पुन्हा पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचत बसलो, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. तपासनीस घड्याळ बघत होता. शेवटी कानसेननं मास्क खाली ओढला आणि कामाला लागला. सुपरवायझरलाही आवाज खटकला. "थांब!" तो मागून ओरडला. मग आणखी जोरात ओरडला. कानसेनचा हात थांबला नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

सांधा वरून देखणा दिसत होता. तपासनिसानं नमुना शिकंज्यात आवळून हातोडा मारला आणि दोन पत्रे सुटे झाले. वेल्डिंग आत गेलंच नव्हतं, नुसतं वर चिकटलं होतं.

"तू याच्या शेजारी असतोस," सुपरवायझर मला म्हणाला. "याला ऐकू येत नाही, हे तुला माहीत होतं?"

मी कानांवर हात ठेवले. "छे! मला काय माहीत?"

कानसेन समोरच उभा होता. ऐकू आलं नसेल, पण माझे ओठ त्याला दिसत होते.

त्याला पॅकिंगला टाकलं आणि मशीन माझ्याकडे आलं. वहिनी रस्त्यात दिसतात, पण भावजी म्हणत नाहीत. मला राग येतो. दोन वर्षं सांभाळलं ते कुणी मोजत नाही. मग वाटतं, मी तरी कुठे मोजलं होतं?

गेल्या आठवड्यात पुन्हा नवीन रीळ आलं. माझे दोन्ही कान शाबूत, तरी काही केल्या आर्क जमेना. तार आपटते, ठिणग्या उडतात, मागे सुपरवायझर उभा. कानसेन खोक्यांची ढकलगाडी घेऊन चालला होता, तो थांबला. उडणाऱ्या ठिणग्या आणि पट्टीवरचं माझं ओबडधोबड वेल्डिंग त्यानं नीट पाहिलं. काय चुकतंय ते त्याला नुसतं बघून कळलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. मी मास्क वर केला आणि नकळत त्याच्या हाताकडे पाहिलं.

त्यानं ढकलगाडी सोडली आणि दोन्ही हात सावकाश खिशात घातले.