सटवामामांचे देखणे बैल

अनंत चतुर्दशीला आखाडा बाळापूर गुलालानं माखलेलं असायचं. आणि गावातले निम्मे गणपती ज्यांच्या हातचे, ते सटवामामा माझ्या फोटो स्टुडिओत ताजमहालाच्या पडद्याला पाठ लावून, कानात बोटं घालून बसलेले असायचे. ढोल जवळ आला की म्हणायचे, "चालले बघा माझी लेकरं बुडवायला! तीन महिने म्या घडवायचं आन् ह्यांनी दहा दिसांत पाण्यात घालायचं." मी चिडवायचो, "मामा, बुडवले नाहीत तर पुढच्या वर्षी घेईल कोण?" त्यावर सुस्कारा टाकून म्हणायचे, "तुमचं बरं हाय, फोटोवाले. तुमचे वाकडेतिकडे फोटोबी लोक भिंतीला लावतेत." आपल्या हातची एक तरी वस्तू कुणीतरी घरात कायमची ठेवावी, एवढाच ध्यास त्या माणसाला होता. साठी उलटली तरी ती कुणी ठेवली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाळेतली पोरं गोळ्याबिस्किटांच्या पुड्यांतली चित्रं जमा करायला लागली. एकेका चित्रासाठी डोकी फुटत होती. मामांनी ते पाहिलं आणि थेट स्टुडिओत आले. "पोरं कागदाचे तुकडे जमा करून राहिलेत. मंग म्या पटाचे बैल घडवले, तर शौकीन ते काहून जमा करनार न्हाईत?"

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आमच्याकडच्या शौकिनांना स्वतःच्या लेकरांची इयत्ता सांगता येत नाही, पण कोणता बैल कोणत्या पटात कुठं बुजला ते तोंडपाठ असतं. मामांनी पाच नामी बैल निवडले. मला मोटारसायकल काढायला लावली आणि हट्ट्यापासून डोंगरकड्यापर्यंत गावोगावच्या गोठ्यांत फोटो काढत हिंडवलं. डोंगरकड्याच्या मारोतरावांचा लख्या त्यांतला सगळ्यांत नावाजलेला. त्याचं डावं शिंग डोळ्यावर झुकलेलं, उजवा कान फाटका, आणि चेहरा मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखा.

मामांनी मुद्दाम प्लास्टर आणलं. "हे पान्यात इरघळत न्हाई. कपाटावर ठिवा, नातवापस्तोर टिकतं." बैल रंगवून झाल्यावर मला बघायला बोलावलं. पाचही बैल सुरेख होते. शिंगं सारखी, डोळे टपोरे, मुद्रेवर आशीर्वाद. सोंड तेवढी राहिली होती.

"मामा, फोटोत लख्याचा कान फाटका आहे."

"तुमच्या क्यामेऱ्याला डोळा हाय, धरम न्हाई," मामा उखडले. "मूर्तीत खोट ठिवत नसतेत. बापानं हात धरून शिकिवलंय. फाटका कान करू म्हनता?"

बाजाराच्या दिवशी त्यांनी 'पाचही बैल जमा करा' अशी पाटी लावून मांडणी केली. शौकीन मुंग्यांसारखे जमले. हट्ट्याच्या एकानं लख्याला उचलून उलटासुलटा केला.

"हा कोन?"

"लख्या."

"लख्याला म्या आंधारात वळखतो. हे तर नवरदेव हाय!"

दुसरा म्हणाला, "ह्याचा जोडीदार कुठंय? एकला बैल नेऊन काय करू, नांगराला दुसऱ्या बाजूनं मी जुपू?" तिसऱ्यानं पाचांच्या जागा बदलून ठेवल्या आणि मामांना विचारलं, आता सांगा कोण कोणता. मामांना सांगता येईना.

"आरं, हाय त्याच्यापरीस देखना केला, तरी तुमची तकलीफ काय हाय?" मामा ओरडले.

"हीच तर हाय, मामा. आमचा लख्या देखना न्हाईच. वाकड्या शिंगानं पळतो, म्हून तर जीव लावला."

बैल शेवटी पोळ्याला बायकांनी नेले. पूजा केली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन ओढ्यात सोडले. प्लास्टर कुठलं विरघळतंय! पंधरा दिवस ती सारखी शिंगं पाण्यावर दिसत होती आणि खरी गुरं तिथं पाणी प्यायला बिचकत होती. मी पोट धरून हसलो. मामा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

चारपाच वर्षांनी लख्या मेला. मारोतराव मामांच्या दारात आले, तेव्हा मी तिथंच होतो. ते म्हणाले, "फोटो हाय माझ्यापाशी. पन फोटोवर हात फिरवता येत न्हाई. मला माझा लख्या करून द्या. फाटक्या कानाचा."

"न्हाई जमनार."

"मंग बसतो हितंच."

आणि खरंच बसले. मी दोनदा चहा आणला. दोन्ही म्हातारे एकमेकांकडं न बघता प्याले. तिसऱ्या चहाच्या आधी मामा उठले आणि माती मळायला लागले. फोटो मागितलाच नाही. शिंग झुकवलं, चेहरा रुसका केला आणि कानापाशी हात थांबला. मातीचे हात कपाळाला लावून पुटपुटले, "बापा, माफ कर." मग नखानं कान फाडला.

मारोतरावांनी त्या कानावरून अंगठा फिरवला आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. माझेही डोळे भरून आले. मामा तेवढे खेकसले, "हात काढा आधी! वला हाय, ठसा उमटंल!"

बैल वाळवून, भाजून, रंगवून त्यांनी स्वतः डोंगरकड्याला पोचवला. दोन वर्षांनी मामा गेले. त्यानंतर केव्हातरी लग्नाच्या फोटोंसाठी डोंगरकड्याला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून मारोतरावांच्या घरी डोकावलो. मारोतरावही आता नव्हते. लख्या देवळीत, देवांच्या शेजारी उभा होता. हात फिरवून फिरवून पाठीचा रंग गेलेला, कपाळाला ताजं कुंकू.

"कोणी घडवलाय हा?" मी मुद्दाम सुनेला विचारलं.

"काय म्हाईत. मामंजीच्या येळचा हाय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "पोळा झाल्यावर पाण्यात सोडत नाही का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "काहून? घरचा बैल कुनी बुडवतं व्हय?"