उलथणं हातात धरून

लेकीने ट्रेमध्ये बटाटे, गाजरं, ढोबळी मिरची आणि कांद्याच्या जाड फोडी पसरल्या, त्यावर अख्खी सॉसेज ठेवली, तेल-मीठ लावलं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

"आता परतायचं कधी?" मी उलथणं हातात धरून विचारलं.

"परतायचं नाही, आई. तू बस जरा."

मला बसवेना. मी काचेसमोर वाकून उभीच राहिले. आतल्या पिवळ्या उजेडात सॉसेजची सालं तटतटून फुगली, चिरली, आणि त्यांच्यातली चरबी वितळून कोणी न सांगता बटाट्यांखाली वाहत गेली. कांद्याच्या कडा आधी पारदर्शक झाल्या, मग तांबूस. मी बघतच राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, मी गॅसपासून हलले की सगळं करपेल. विस्तवाला त्याचं काम येत होतं की!

ट्रे तसाच टेबलावर आला. घरातले सगळे बसले. मी मात्र सवयीने वाढायला उभी राहिले. माझं पान नेहमीच शेवटी. लेकीने हात धरून मला खुर्चीत बसवलं. ज्याने त्याने आपलं आपण घेतलं.

सगळ्यांचा पहिला घास जिभेला चटका बसेल इतका गरम होता. माझासुद्धा.