वहिनींची काचेची केबिन

चष्म्यांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या तीन माणसांच्या कंपनीत मालक एक होता आणि राज्य वहिनींचं होतं. मालक म्हणजे त्यांचे धाकटे दीर, भाऊजी. भाऊजी सॉफ्टवेअर लिहायचे, एक अबोल प्रोग्रामर त्यातल्या चुका काढायचा आणि वहिनी दुकानदारांचे फोन घ्यायच्या. एकोणीस वर्षं. कुठल्या दुकानात प्रिंटरखाली कागदाची घडी सरकवलेली आहे आणि कुठल्या दुकानात सुनेचं सासऱ्याशी पटत नाही, हे त्या एका दमात सांगत. दुसरी माहिती बिनकामाची समजू नका. सून रुसली की पासवर्ड बदलायची.

ही घडी विस्कटायची वेळ आली, कारण दुकानदारांना आपल्या कॉम्प्युटरवर काही बसवून घेण्याचा कंटाळा आला होता. कुठल्याही कॉम्प्युटरवरून काम झालं पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरं बघतो, असं चौघांनी तोंडावर सांगितलं. सगळं नव्याने लिहायचं तर तीन वर्षं जाणार, आणि भाऊजींच्या डोक्यावर उरलेले केसही. म्हणून आहे तेच सॉफ्टवेअर क्लाउडवरून द्यायचं ठरलं.

टाय लावून आलेल्या विक्रेत्याने दोन तऱ्हा दाखवल्या. एक म्हणजे प्रत्येक दुकानाला दूरच्या सर्व्हरवर आख्खा कॉम्प्युटर द्यायचा, त्याच्या डेस्कटॉपसकट, आणि तो दुकानातल्या पडद्यावर दिसेल. दुसरी, फक्त आपलं सॉफ्टवेअर तिकडे चालवायचं आणि त्याची तेवढी चौकट ब्राउझरमध्ये उघडायची. बाकी काही दाखवायचंच नाही.

भाऊजी पहिल्या तऱ्हेवर भाळले. आख्खा कॉम्प्युटर म्हणजे कसं भारदस्त वाटतं. सोमवारी सही करायची होती. सुरुवातीला लोक अडतील, फोन वाढतील, हे त्यांनी कबूल केलं, आणि लगेच उपायही सांगितला. वहिनींच्या हाताखाली दोन मुली द्यायच्या आणि कोपऱ्यातली जागा काचेने बंद करून त्यांना केबिन करून द्यायची. वहिनी वरवर "कशाला उगाच" म्हणाल्या आणि मनात पडद्याचा रंगही ठरवून मोकळ्या झाल्या. काचेची केबिन करून वर पडदा कशाला, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

चाचणीसाठी सगळ्यांत जुनं दुकान निवडलं. तिथले चष्मेवाले काका पंचाहत्तरीचे, पासवर्ड बदलणाऱ्या त्या सुनेचे सासरे, स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर शोधणारे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की कॉम्प्युटर चालू आहे आणि बंदही आहे.

"काका, समोर किती कॉम्प्युटर दिसतायत?"

"एक. त्याच्या आत अजून एक होता. तो काल मी रोजच्यासारखा बंद केला आणि घरी गेलो. बाहेरचा तसाच चालू राहिला बिचारा."

गिऱ्हाइकांच्या नंबरांचे कागद स्कॅन करून काकांनी डेस्कटॉपवर ठेवले होते, पण दोन डेस्कटॉपांपैकी कुठल्या, ते त्यांना आठवत नव्हतं. वहिनींनी चाळीस मिनिटं खपून आतला कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून दिला. फोन ठेवताना काका म्हणाले, "वहिनी, मला चष्मे विकायचेत. दोन-दोन संसार नाही सांभाळायचे."

भाऊजींनी ते हसण्यावारी नेलं. वय झालं, शिकतील हळूहळू. वहिनींनी त्यावर वाद घातला नाही, आणि हे मात्र नवल होतं.

रविवारी त्यांनी फोनच्या नोंदींच्या वह्या घरी आणल्या. गेल्या वर्षभराचे फोन त्यांनी एकेक करून तपासले आणि सॉफ्टवेअरबाहेरच्या फोनांपुढे खुणा केल्या. दहातले सात सॉफ्टवेअरबद्दल नव्हतेच. कॉम्प्युटरने आपणहून काहीतरी नवं भरून घेतलं होतं, कुणाच्या भाच्याने गेम टाकला होता, कुणाची फाइल हरवली होती. आख्खा कॉम्प्युटर दिला तर दुकानात असे दोन होणार आणि हे सातचे चौदा. नुसती चौकट दिली तर सॉफ्टवेअर आणि फाइली तिकडेच राहणार, दुकानातल्या कॉम्प्युटरच्या भानगडी त्यांना लागणार नाहीत आणि सातांतले पाच-सहा मिटणार. मिटले तर केबिन कशाला हवी, आणि वहिनी तरी कशाला?

त्यांचे यजमान, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, पेपराआडून सगळं बघत होते. "भाऊ आपणहून चुकतोय," ते म्हणाले. "तुला फक्त गप्प बसायचंय. एवढं एक जमव."

तेच तर वहिनींना जन्मात जमलं नव्हतं.

सोमवारी विक्रेता यायच्या आत त्यांनी वह्या भाऊजींच्या टेबलावर आपटल्या. "आपण दुकानदाराला आपलं सॉफ्टवेअर द्यायचं, भाऊजी. नवी डोकेदुखी नाही. ती चौकटच घ्या."

भाऊजींनी पानं चाळली. खुणा बघितल्या. मग जरा चाचरत विचारलं, "पण मग फोन कमी होतील, वहिनी."

"मला हिशेब येतो," वहिनी म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

चौकटीवर सही झाली. काकांना ती दहा मिनिटांत जमली. काचेच्या केबिनचं मात्र नाव निघालं नाही. पण सगळी दुकानं नव्या चौकटीवर एकदम हलवता येणार नव्हती, आणि कुठला प्रिंटर रुसका, कुठल्या सुनेला आधी विश्वासात घ्यायचं, हे वहिनींशिवाय कुणाला ठाऊक होतं? भाऊजींनी दोनशे दुकानांची यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि क्रम तुम्हीच लावा म्हणाले. वर्षभराचं काम होतं. त्यानंतर काय, हे यादीत नव्हतं.

रोजच्या तीस फोनांचे हळूहळू बारा झाले. असाच एकदा दुपारी काकांचा आला.

"काय बिघडलं, काका?"

"काहीच नाही. तेच सांगायला फोन केला."

"मग ठेवा. लाइन अडवू नका," वहिनी म्हणाल्या. लाइनवर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सुनेची चौकशी सुरू केली.