जुन्या स्कॅनचं भाडं

खामगावला ज्या सीटी स्कॅन सेंटरमध्ये मी काम करते, तिथे येणाऱ्या पेशंटला मी बहुधा दिसतच नाही. पुढे काउंटर, मग मशीनची खोली, मग मॅडमची रिपोर्टिंगची खोली आणि तिच्या मागे एसी कायम चालू असलेली एक लहान खोली. ती माझी. तिथे सर्व्हर आहे, डिस्कची दोन कपाटं आहेत आणि एक खुर्ची. मॅडम म्हणजे सेंटरच्या मालकीणबाई, स्वतः रेडिऑलॉजिस्ट. मी वडनेर भोलजीची. पुण्यात काही वर्षं नोकरी केली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभरासाठी म्हणून घरी आले आणि राहिलेच. मी नेमकं काय काम करते हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. "कॉम्प्युटर सांभाळते," असं ती लोकांना सांगते, आणि ते खोटं नाही.

सांभाळण्यातलं मुख्य काम बॅकअपचं. दिवसभर जे स्कॅन होतात, सोनोग्राफी होतात, जे रिपोर्ट लिहिले जातात, त्या सगळ्यांची दुसरी प्रत ठेवायची. शेजारच्या तालुक्यातल्या एका दवाखान्याचे कॉम्प्युटर कुणीतरी खंडणीसाठी बाहेरून कुलूप लावल्यासारखे बंद करून टाकले होते. ते ऐकून मॅडमनी मी यायच्या आधीच एका कंपनीचं बॅकअप सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. एकदाच पैसे भरायचे, लायसन्स कायमचं. दरवर्षी सपोर्टचे थोडे पैसे. मी आले तेव्हा सगळं व्यवस्थित चालू होतं आणि मला त्यात विचार करावा लागेल असं काही वाटलं नव्हतं.

मग एक दिवस सपोर्टचं नूतनीकरण करायला मी मेल पाठवला, तर उत्तरात वेगळंच कोटेशन आलं. कंपनीने कायमचं लायसन्स बंद केलं होतं. आता दरवर्षी भाडं भरायचं, आणि तेही सर्व्हरवर नाही, डेटावर. जितके टेराबाइट, तितके पैसे. मधल्या काळात आम्ही नवीन सीटी मशीन घेतलं होतं. ते जुन्यापेक्षा कितीतरी बारीक काप घेतं, त्यामुळे एकेका स्कॅनला लागणारी जागा अनेक पटींनी वाढली होती. डेटा वाढला की बिल वाढणार. कोटेशनमधला आकडा आमच्या टेक्निशियनच्या वर्षभराच्या पगारापेक्षा मोठा होता.

मी पुण्याला कंपनीच्या विक्रेत्याला फोन केला. त्याचा आवाज तरुण आणि थकलेला होता. मी पुण्यात असताना बोलायचे तसंच बोलायला सुरुवात केली, पण आकड्याचा विषय निघाला तसा माझा ताल सुटला आणि घरची बोली बाहेर आली.

"आमाले हे परवडणार नाही हो," मी म्हणाले. "आधी विकत घेतलं ना आम्ही?"

तो एकदम हिंदीत, सावकाश बोलू लागला. "मॅडम, आपके यहाँ आयटी कौन देखता है?"

"मीच बघते," मी म्हणाले. "मराठीतच बोला."

तो ओशाळला. मग मराठीत त्याने सांगितलं की पॉलिसी वरून आली आहे, त्याच्या हातात थोडीशी सूट आहे, बाकी काही नाही. खर्च कमी करायचा असेल तर जुना डेटा बॅकअपमधून काढा, असं त्याने सुचवलं. "बरेच कस्टमर तेच करतात."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. तिसरे म्हणजे हिशेब बघणारे काका. सेंटर सुरू झालं तेव्हापासून ते आहेत. मी लायसन्सचं नवीन गणित समजावून सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हंजे चक्कीवानी झालं हे," ते म्हणाले. "दळन वाढलं का पैसे वाढले."

"हो. तसंच."

"मग दळन कमी करा ना. जुने फोटू कोन पाह्यते आता? माणूस बरा झाला, गावाले गेला. काही तर मरूनही गेले असतीन. त्यायच्या फोटूचं भाडं आपण काऊन भरायचं?"

मॅडमना ते बोलणं आवडलं नाही, पण नवीन मशीनचे हप्ते चालू होते. त्यांनी मला विचारलं, "किती वर्षं मागचं काढलं तर जुन्या खर्चात बसेल?" मी हिशेब करून आणला होता. पाच वर्षांपूर्वीचं सगळं काढावं लागणार होतं. कायद्याने ठेवायची मुदत तर केव्हाच संपली होती. ते पुसून टाकायचं नव्हतं. एका जुन्या डिस्कवर राहू द्यायचं, फक्त त्याची दुसरी प्रत ठेवायची नाही. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. कर."

मी केलं. दोन-तीन दिवस लागले. वर्षं एकामागून एक जुन्या कपाटातल्या डिस्कवर हलवली. ती डिस्क मधूनमधून खरखरायची. ज्या माणसाला डिस्कचं कळतं, त्याला तो आवाज ऐकून बरं वाटत नाही. पण मी ते मॅडमना एकदा सांगितलं आणि मग पुन्हा सांगितलं नाही, कारण सांगून करणार काय? नवीन भाड्याची ऑर्डर द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती.

त्याच आठवड्यात पिंपळगाव राजाहून एक बाई आल्या, नवऱ्याबरोबर. बाई अंगणवाडीत काम करायच्या, नवरा लेडीज टेलर. बाईंना महिनाभर खोकला होता. गावच्या डॉक्टरने एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुप्फुसावर डाग दिसला, म्हणून त्याने सीटीला पाठवलं. स्कॅन झाला. मॅडमनी स्क्रीनवर पाहिलं आणि त्या दोघांना आत बोलावलं. मधलं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"एक छोटी गाठ दिसतेय," मॅडम म्हणाल्या. "वाटाण्याएवढी. ती नवीन आहे की जुनी, हे कळायला पाहिजे. नवीन असेल तर नागपूरला जाऊन सुई टाकून तपासावी लागेल."

नवराच म्हणाला, "सुई म्हंजे… कॅन्सर हाये का?"

"तसं मी म्हणत नाहीये. याआधी छातीचा स्कॅन कधी काढला होता?"

"काढला होता ना. इथंच. गाडीवरून पडली होती हे, तवा. बरगडीले मार लागला होता. पण थ्या फिलमा घर बांधलं तवा कुठं गेल्या का मालूम."

"किती वर्षं झाली?"

"आठक वर्षं झाली असतीन."

मॅडमनी खुर्ची वळवून दारातून माझ्याकडे पाहिलं. मी उठले. आठ वर्षं म्हणजे ते त्या खरखरणाऱ्या डिस्कवर. तीन दिवसांपूर्वी मीच ते तिथे हलवलं होतं.

मी बाईंचं नाव टाकलं. यादीत स्कॅन दिसला. उघडायला गेले तर स्क्रीन अडकली. डिस्कने खरखर केली, थांबली, पुन्हा खरखर केली. चूक झाल्याचा संदेश आला. मी डिस्कचं कपाट बंद करून पुन्हा चालू केलं आणि उभीच राहिले. पलीकडच्या खोलीत मॅडम त्या नवऱ्याशी त्याच्या दुकानाबद्दल बोलत होत्या, लग्नसराईत ब्लाउजची किती गर्दी असते वगैरे. एरवी त्या पेशंटशी इतकं बोलत नाहीत.

दुसऱ्या खेपेला स्कॅन उघडला. हळूहळू, एकेक काप करत. मी पहिलं काम काय केलं असेल, तर त्याची प्रत दुसरीकडे घेतली. मग मॅडमच्या स्क्रीनवर पाठवला.

मॅडमनी आठ वर्षांपूर्वीचं आणि आजचं चित्र शेजारी-शेजारी लावलं. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष बरगडीकडे होतं. रिपोर्टात या डागाबद्दल एक ओळ होती, तीही कुणी वाचली नसावी. मॅडमनी दोन्हीकडे मापं घेतली. पुन्हा घेतली. मग स्क्रीन त्या दोघांकडे फिरवली.

"हे बघा. तेव्हाही इथेच, आताही इथेच. तेवढीच. आठ वर्षांत वाटाणा वाटाणाच राहिला. हा जुन्या कुठल्यातरी आजाराचा भरलेला व्रण आहे. खोकला दुसऱ्या कशाचा आहे, त्याचं औषध तुमचे डॉक्टर देतील."

"मंग नागपूर?"

"नागपूर नको."

बाई उठल्या. त्या म्हणाल्या, "आता पोरीले फोन करतो मी," आणि बाहेर गेल्या. नवरा तिथेच बसून राहिला. त्याने स्क्रीनवरच्या त्या दोन ठिपक्यांकडे बराच वेळ पाहिलं.

ते गेल्यावर मॅडम माझ्या खोलीत आल्या. खुर्ची एकच, त्यामुळे उभ्याच राहिल्या. "किती वेळ लागला उघडायला?"

"दोन खेपा."

"तिसरी लागली असती तर?"

"त्या डिस्कचं काही सांगता येत नाही," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "जुनं वगळायचं नाही. पण ते भाडंही मला परवडत नाही. काय ते बघ."

मी पुन्हा पुण्याला फोन लावला. या वेळी घासाघीस करायचीच, असं ठरवून. विक्रेत्याला मी झालेली हकीकत सांगितली. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला एक सांगतो, पण हे मेलवर मागू नका."

"सांगा."

"इमेजेस आमच्या सॉफ्टवेअरमधून काढूनच टाका. सगळ्याच. जुन्याही आणि नव्याही."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली.

"तुमचा स्कॅन एकदा काढला की बदलतो का? नाही. मग रोज बदलणाऱ्या डेटासाठी बनवलेलं महागडं सॉफ्टवेअर त्याला कशाला? त्याची साधी कॉपी करा. दोन ठिकाणी ठेवा, एक गावाबाहेर. त्यासाठी फुकटची साधनं आहेत. तुमचा जो डेटाबेस आहे, नावं, तारखा, रिपोर्ट, तो रोज बदलतो. तेवढ्यापुरतं लायसन्स आमच्याकडून घ्या. ते अगदी लहान बसेल."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

तो हसला. "आधी माझं टार्गेट होतं. आता नोटीस पिरियड चालू आहे. पुढच्या महिन्यात मी इथे नाही."

मी त्याचे आभार मानले. त्याने सांगितलं ते मला आधी सुचायला हवं होतं की नाही, यावर मी एसटीत बसून विचार केला. सुचायला हवं होतं असंच उत्तर आलं. पण कंपनीने सगळं एकाच डब्यात घालून दिलं होतं आणि मी तो डबा तसाच उचलत राहिले होते. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "थो पोरगा भला निंगाला," आणि लहान लायसन्सच्या बिलावर लगेच सही घ्यायला गेले.

मॅडमचं नांदुऱ्याला एक लहान सोनोग्राफी केंद्र आहे. तिथे आम्ही नवीन डिस्क बसवलेला एक डबा ठेवला. एक डबा इथे, एक तिथे; रोज रात्री नेटवरून प्रत तिकडे जायची. सगळी वर्षं, जुनी आणि नवी, दोन्हीकडे. फुकटच्या साधनांचं एक आहे, की बिघडलं तर फोन करायला कुणी नसतं. पहिले काही महिने मी रोज सकाळी आल्या आल्या दोन्हीकडच्या प्रती जुळतात का ते पाहायचे, आणि कुठलातरी एक जुना स्कॅन उघडून बघायचे. म्हणजे कंपनीला द्यायचे पैसे वाचले, ते काम माझ्याकडे आलं. मॅडमना हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी पगार वाढवला, मागितला तेवढा नाही, पण वाढवला.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. दुपारी लाइनमध्ये एकदम जास्त दाब आला, यूपीएस जळाला आणि त्याच्याबरोबर सर्व्हरही गेला. खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. आमचा इथला डबा पण बंद पडला. मॅडमनी ड्रायव्हरला नांदुऱ्याला पाठवलं. त्याने तो डबा मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून, पट्टा लावून आणला. नवीन सर्व्हर अकोल्याहून यायला दुसरा दिवस उजाडला. रिपोर्ट आणि नावं लायसन्सवाल्या सॉफ्टवेअरमधून परत आली, चित्रं नांदुऱ्याच्या डब्यातून. संध्याकाळी मॅडमनी पहिला रिपोर्ट दिला तेव्हा काकांनी सगळ्यांसाठी कचोरी मागवली.

गेलं ते फक्त त्या दिवशी सकाळचं, ज्याची प्रत अजून नांदुऱ्याला पोचली नव्हती. सीटीचे स्कॅन मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर होते, ते मिळाले. सोनोग्राफीचे तेवढे गेले. त्या पेशंटना पुन्हा बोलवायचं, पैसे घ्यायचे नाहीत, असं मॅडमनी ठरवलं. काउंटरच्या पावत्यांवरून नंबर काढून फोन मी केले. बहुतेक जण तयार झाले. वरवट बकालच्या एका आजोबांनी मात्र मला धारेवर धरलं. त्यांची प्रोस्टेटची सोनोग्राफी होती, तिच्यासाठी भरपूर पाणी पिऊन, लघवी थांबवून यावं लागतं.

"म्हंजे पुन्हा तेवढं पाणी प्यावं लागन का मले?"

"हो आजोबा. माफ करा. आमचं मशीन जळालं."

"मशीन तुमचं जळालं, अन् पाणी म्या प्यावं. वा रे वा!"

पण ते आले, दुपारच्या एसटीने, हातात मोठी बाटली घेऊन. निम्मी गाडीतच संपवली होती. आजोबांसाठी मी बाहेर काउंटरपाशी येऊन थांबले होते, तिथे दोघीजणी रांगेत होत्या. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बाई, मले पयले घ्या. नाई तं मंग जे होईन त्याले म्या जबाबदार नाई."

रांगेतल्या दोघी हसत बाजूला झाल्या.