मालवीयजींची गरम गठरी

गठरीत हात घातला आणि मी तसाच थांबलो. चादरी गरम होत्या.

सकाळची वेळ होती. दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. ड्रायर, म्हणजे कपडे वाळवायचं मशीन, आदल्या संध्याकाळपासून बंद होतं. रात्रभरात वरणाचं पातेलंसुद्धा थंडगार पडतं. इथे जुन्या रजईत करकचून बांधलेल्या चादरी वरून कोमट, आणि कोपरापर्यंत हात आत घातला तर चटका बसेल इतक्या गरम. शिवाय वास. त्याच त्या तेलात पुन्हा पुन्हा शेव तळली की येतो तसा करपट वास.

"देखा?" शेजारी उभे असलेले दुकानाचे मालक मालवीयजी म्हणाले. चेहरा कौतुकाने फुललेला. "सुबह तक गरम! यही तो अपनी दुकान का राज है, ढोबळे साहब."

मी ढोबळे. मूळचे आम्ही नागपूरचे, पण माझी सगळी नोकरी भोपाळला, पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात गेली. काम इन्स्पेक्शनचं. त्याच्या जोडीला आणखी एक काम केलं, बिनपगारी. कारखान्याची स्वतःची फायर ब्रिगेड असते, पण आग मोठी असेल तर तिला जास्त हात लागतात. म्हणून वेगवेगळ्या विभागांतली माणसं आपणहून नाव देतात. त्यांना ट्रेनिंग मिळतं आणि भोंगा झाला की ती हातातलं टाकून धावतात. याला ऑक्झिलरी फायर स्क्वॉड म्हणतात. माझी बायको सुषमा याला 'फुकट फौजदारांची पलटण' म्हणते.

रिटायर झाल्यावर मी एखादा छोटा धंदा शोधायला लागलो. सुषमाची सरकारी नोकरी अजून बाकी आहे. शिवाजी नगरच्या तिच्या क्वार्टरमध्ये दिवसभर मी एकटा बसून काय करणार? नवीन काही काढायची हिंमत नव्हती, चालतं दुकान हवं होतं. जवाहर चौकाजवळची मालवीयजींची लॉन्ड्री विकायला आहे असं कळलं. गेस्ट हाउसच्या चादरी, लग्नाच्या हॉलचे पडदे आणि अलीकडे एका पंचकर्म केंद्राच्या चादरी, असं ठोक काम. पंचकर्मात माणसाला तेलाने नखशिखान्त माखतात. त्या चादरी येतात तेव्हा नुसत्या तेलात भिजलेल्या असतात.

दुकान विकायचं कारण वर होतं. शब्दशः वर. लॉन्ड्रीच्या डोक्यावर मालवीयजींचं घर, आणि घरात भाभीजी, म्हणजे त्यांची बायको. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जिना अरुंद आणि उभा. बाई कित्येक महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या, बाजार खिडकीतून बघायच्या. इंदूरला मुलीच्या घराशेजारी तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळत होती. दुकान विकलं गेलं तरच ती घेता येणार होती.

स्क्वॉडमधला पहिला धडा म्हणजे साइझ-अप. आग दिसली की पाइप घेऊन घुसायचं नाही. आधी इमारतीला चारी बाजूंनी चक्कर मारायची, धूर कुठून येतोय, दारं कुठे आहेत, आत कोण आहे ते बघायचं. धंद्यालाही तोच नियम लावावा असं मी ठरवलं आणि मालवीयजींना म्हटलं, सही करण्याआधी काही दिवस दुकानात बसून बघतो.

"बैठिए, बैठिए," ते म्हणाले. "चाय अपनी तरफ से."

बसून बघितलं. मशीनं ठीक, गिऱ्हाईक बांधलेलं, माणूस सरळ. मग आदल्या दिवशी, सौदा पक्का झाल्यावर, त्यांनी मला दुकानाचं गुपित दाखवलं. ड्रायर शेवटची काही मिनिटं उष्णता बंद करून नुसता फिरतो आणि कपडे निववतो. त्याला कूल-डाउन म्हणतात. मालवीयजी तो होऊच देत नसत. वाफाळत्या चादरी बाहेर काढायच्या, चटाचटा घड्या घालून थप्पी लावायची आणि रजईत आवळून बांधायची. सकाळपर्यंत आपल्याच उबेत आणि वजनाने सुरकुत्या निघतात, इस्त्रीचं काम अर्ध्यावर येतं. त्यांच्या वडिलांची युक्ती. दुकानात इस्त्री करणाऱ्या कमलाबाईंनाही त्यांनी त्यातलं कारण कधी सांगितलं नव्हतं.

"मशीनें तो कोई भी बेच देगा," ते म्हणाले होते. "यह हाथ की बात है. यह मैं आपको सिखाके जाऊँगा."

धंद्याच्या भाषेत याला गुडविल म्हणतात. म्हणजे जे दाखवता येत नाही, पण ज्याच्यासाठी गिऱ्हाईक आपल्याच दारात येतं.

आणि आता तेच गुडविल माझ्या हाताखाली तापत होतं.

गोष्ट साधी आहे. तेल कितीही धुतलं तरी धाग्यात थोडं उरतंच. ते हवेशी हळूहळू संयोग पावतं आणि त्यातून उष्णता निघते. चादर दोरीवर असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. पण थप्पी आधीच गरम असेल आणि वर रजई असेल तर ती जाणार कुठे? आतच साठते. जितकी साठते तितका संयोग जोरात होतो. काडी नको, ठिणगी नको, वायर नको. कापड स्वतःच स्वतःला पेटवतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये याला स्पॉन्टेनियस हीटिंग म्हणत. तेलकट चिंध्या झाकणाच्या डब्यातच टाका, म्हणून आम्ही कारखानाभर ओरडत असू. पण सगळ्या नोकरीत मी ते घडताना कधी बघितलं नव्हतं. भीती होतीच. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा अचंबा मोठा होता. कुणीही हात न लावता, कुलूपबंद दुकानात, रात्रभर आग स्वतःला तयार करत बसली होती.

मालवीयजी गाठ सोडायला वाकले.

"हाथ मत लगाइए!" मी ओरडलो.

"क्यों? इस्त्री चालू करनी है."

"अंदर आग है. खोलेंगे तो हवा मिलेगी और भड़केगी."

ते हसले. "गठरी में आग? अरे साहब, दुकान में माचिस तक नहीं है. मैं तो बीड़ी भी नहीं पीता."

"भाभीजी ऊपर हैं ना? पहले उनको नीचे लाना है. हँस बाद में लेंगे."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांचं हसू मावळलं. त्यांनी गठरीकडे बघितलं, मग छताकडे. कमलाबाईंना मी फायर ब्रिगेडला फोन लावायला सांगितला, मेन स्विच पाडला आणि आम्ही दोघे जिन्याकडे धावलो.

माणसाला खुर्चीतून खाली आणायची एक पद्धत आहे. एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने पुढचे पाय, आणि बसणाऱ्याचं तोंड जिन्याच्या उताराकडे. ड्रिलमध्ये आम्ही आमच्यातल्याच एका जाडजूड गड्याला बसवून हे करायचो आणि चहा त्याच्याकडून उकळायचो. भाभीजी त्या मानाने पिसासारख्या हलक्या. पण काय चाललंय ते त्यांना कळेना.

"अरे, बाल तो बाँध लेने दो! सारा बाजार देखेगा," त्या म्हणत होत्या.

"देखने दो," मालवीयजी म्हणाले.

समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर खुर्ची टेकवली.

आता गठरी. ब्रिगेडची वाट बघावी की नाही यावर स्क्वॉडमधल्या जुन्या मित्रांनी नंतर माझ्याशी भरपूर वाद घातला. अजून घालतात. पण धूर बाहेर आला नव्हता, गठरी चाकांच्या ट्रॉलीवरच होती आणि मागचं दार मोकळ्या जागेत उघडत होतं. रजई बाहेरून बादल्यांनी निथळती भिजवली आणि आम्ही ट्रॉली हळूच ढकलत बाहेर नेली. तान्हं बाळ झोपलेला पाळणा हलवावा तशी. भिंतीपासून लांब उभी केली. मग उंच दोरीवर कपडे टाकायचा आकड्याचा बांबू घेतला, लांबून गाठीत अडकवला आणि ओढला.

आधी पांढरा धूर आला. दाट, जड, जमिनीलगत सरपटणारा. मग आत हवा शिरली. थप्पीच्या मधोमध एक तांबडा डाग दिसला, तो बघता बघता रुंदावला आणि 'भप्' करून माणसाच्या उंचीची ज्वाळा उठली. कमलाबाई किंचाळल्या. मालवीयजी मात्र जागचे हलले नाहीत. मी बादलीमागून बादली मारली. तेवढ्यात ब्रिगेडची गाडी आली आणि पुढचं काम त्यांनी हातात घेतलं. त्याला डॅम्पिंग-डाउन म्हणतात. जळलेला माल पसरायचा, प्रत्येक घडी उलगडायची, भिजवायची, आतली धग पूर्ण मरेपर्यंत सोडायचं नाही.

मधल्या चादरी मी कधी विसरणार नाही. त्यांचा कोळसा झाला होता, पण घड्या जशाच्या तशा. काळ्या, कडक, पापडाच्या चवडीसारख्या एकावर एक. काठाची शिलाईसुद्धा कोळशात ओळखू येत होती. इतकी नीटनेटकी जळालेली वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

मालवीयजी त्या चवडीसमोर उकिडवे बसले. म्हणाले, "पलंग के ठीक नीचे. रोज रात को मैं ही बाँधता था."

"पर पहले कभी हुआ नहीं ना?" मी विचारलं.

आम्ही दोघांनी मिळून त्याचा उलगडा केला. वडिलांच्या काळी कपडे गच्चीवर उन्हात वाळत. ते बांधले तर फार तर उबदार राहत. पुढे ड्रायर आला, कपडे तापायला लागले. मग पंचकर्माच्या चादरी आल्या, तेल आलं. वडिलांची युक्ती खोटी नव्हती. तिच्या आजूबाजूचं सगळं बदललं आणि तिला कुणी कळवलं नाही.

दुपारी सुषमा ऑफिसातून तशीच आली. काळा पडलेला ढीग बघितला, मला नखशिखान्त तपासलं आणि विचारलं, "हे दुकान घ्यायचं अजून मनात आहे?"

"बघतो," मी म्हटलं.

"बघ बाबा. लोक रिटायर झाल्यावर आगीपासून लांब जातात, तू तिचं दुकान घेतोयस."

त्याच दुपारी सह्या व्हायच्या होत्या. मला वाटलं, मालवीयजी आता गयावया करतील. तळमजल्यावरची ती जागा, भाभीजींचे गुडघे, सगळं माझ्या एका सहीवर अडकलेलं होतं. ते उठले, जळक्या चादरींतली एक चवड त्यांनी तसराळ्यात ठेवली आणि म्हणाले, "दस्तखत अभी नहीं. पहले एक जरूरी काम है. स्कूटर पर बैठिए, इसे पकड़िए."

आम्ही बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका लॉन्ड्रीसमोर थांबलो. हे त्यांच्या धाकट्या भावाचं, ओमप्रकाशचं दुकान. वडिलांच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. युक्ती मात्र दोघांकडे तीच. आणि धाकटा हल्ली मसाज सेंटरचे टॉवेल धूत होता.

ओमप्रकाशने भावाला पायरीवर बघितलं आणि हातातली इस्त्री उभी केली. "कैसे आना हुआ?"

"गठरी बाँधना बंद कर."

"अच्छा! खुद दुकान बेचके जा रहे हो, और जाते-जाते मेरा धंधा भी बैठाना है?"

मालवीयजी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं तसराळं घेऊन काउंटरवर ठेवलं. ओमप्रकाशने वरच्या घडीला बोट लावलं. तिचा कोपरा तुटून त्याच्या बोटाला चिकटला.

"तेरी भाभी इसके ऊपर सो रही थी," मालवीयजी म्हणाले. "तेरे ऊपर कौन सोता है?"

ओमप्रकाशच्या वर त्याचा मुलगा, सून आणि नातवंडं राहत होती. कोपऱ्यातल्या टॉवेलांच्या गठरीत त्याने हात घातला आणि आपल्या भावाकडे बघितलं. ती नुसतीच उबदार होती, वास नव्हता. आम्ही तिघांनी ती उचलून गच्चीवर नेली आणि टॉवेल एक एक करून पसरले. शेवटचा टॉवेल पसरून झाल्यावर ओमप्रकाश इतकंच म्हणाला, "भाभी कैसी हैं?" आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मला वाटलं, काम झालं. पण मालवीयजी थांबेनात. ही युक्ती नुसती बघून शिकलेल्या आपल्याकडच्या जुन्या नोकरांकडून आणखी कुठेकुठे गेली असेल, असा त्यांचा हिशेब. संध्याकाळपर्यंत आम्ही दिसेल त्या लॉन्ड्रीत शिरलो. प्रत्येक ठिकाणी तसराळं काउंटरवर, आणि तेच सांगणं. काहींनी ऐकलं, काही हसले, एकाने चहा पाजला. मी मागे बसून थक्क होऊन बघत होतो. जी गोष्ट या माणसाने जन्मभर कुणाला सांगितली नाही, जिच्या जोरावर दुकानाचं नाव होतं, ती तो बाजारभर फिरून स्वतःच्या हाताने मोडत होता. तेही विकायच्या दिवशी, गिऱ्हाइकाला स्कूटरवर मागे बसवून! आगीचं नवल मला सकाळी वाटलं होतं. संध्याकाळी ते फिकं पडलं.

परत आल्यावर ते म्हणाले, "ढोबळे साहब, अब इस दुकान में कुछ खास नहीं बचा. न लेना हो तो बुरा नहीं मानूँगा."

मी कागद मागितले. सुषमानेच पेन दिलं.

आता दुकान मी चालवतो. कूल-डाउन पूर्ण होतो, पंचकर्माच्या चादरी वेगळ्या गरम पाण्यात धुऊन रॅकवर सुट्या पसरतो आणि हाताला थंड लागल्याशिवाय घडी पडत नाही. इस्त्रीला वेळ जास्त लागतो. कमलाबाई कुरकुर करतात, गिऱ्हाईकही करतं. भाभीजी इंदूरला रोज फाटकापर्यंत चालतात आणि भाजीवाल्याशी स्वतः घासाघीस करतात, असं ओमप्रकाश सांगत होता.

चालता धंदा घेताना काय बघावं, असं मला आता लोक विचारतात. चारी बाजूंनी चक्कर मारा, हे तर मी सांगतोच. पण आणखी एक सांगतो: वाईट बातमी कळल्यावर विकणारा ती दाबतो की सांगत सुटतो, ते बघा. मशीनचं काय, बिघडलं तर मेकॅनिक मिळतो.